दुरुस्तीस आलेले झटका मशीन कुंपणावर 'सुस्थितीत' आढळल्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
विद्युत अपघात चौकशी कक्ष, पुणे.

विषय : सखू चिंधू वाघमारे यांच्या मृत्यूच्या अहवालातील यंत्राची प्रत्यक्ष तपासणी होणेबाबत.

संदर्भ : आपल्याकडील प्राथमिक अहवाल, दि. १५ सप्टेंबर २०२५.

महोदय,

मी पौड, ता. मुळशी येथे पंखे, मोटारी आणि कुंपणाची झटका मशीन दुरुस्त करते. दि. १७ ऑगस्ट रोजी सकाळी सखूबाई सुनेसह खेकडे धरायला ओढ्यावर निघाल्या असता फार्महाऊसच्या कुंपणाच्या तारेला चिकटून वारल्या. अहवाल म्हणतो की, कागदपत्रांवरून यंत्र मानकानुसार व सुस्थितीत आढळले, त्याच्या झटक्याने माणूस मरत नाही, सबब मृत्यू हृदयाच्या अशक्तपणामुळे झाला असावा.

१. यंत्राची माहिती बरोबर आहे. ते बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते व मिनिटाला सुमारे पन्नास झटके देते. दाब नऊ हजार व्होल्टपर्यंत जातो, पण प्रत्येक झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी टिकतो. मधल्या वेळात हात सुटतो. रानडुकरे पळतात ती यामुळेच.

२. मात्र हे यंत्र त्या दिवशी कुंपणावर नव्हते. फार्महाऊसचे राखणदार गोरख यांनी ते १४ तारखेला माझ्याकडे आणले. कपॅसिटर जळला होता. सुट्यांमुळे पुण्याहून नवीन मिळायला वेळ लागणार होता. गोरख म्हणाले, "तवर तार मोकळी ठिवली तर डुकरं एक रताळं ठेवायची न्हाईत. मालक मलाच बोलत्याल." १७ तारखेला यंत्र माझ्या टेबलावर उघडे होते आणि एकही झटका देत नव्हते. ते सुस्थितीत कोणाला आढळले, हे कळावे.

३. सून रोहिणी सांगते की, गोरख यांनी पंपघरात धावत जाऊन मेन स्विच पाडला, तेव्हा सासूचा हात सुटला. बॅटरीवरच्या यंत्राचा पंपघराशी संबंध नसतो. शवविच्छेदनात उजव्या तळव्यावर खोल भाजल्याची नोंद आहे. झटका मशीनने अशी खूण होत नाही. तारेत घरगुती वीज थेट सोडलेली होती, असे माझे मत आहे. पंपघरातील जोडणी तपासावी.

४. आणखी एक गोष्ट नोंदवून घ्यावी. दोन वर्षांपूर्वी सखूबाई माझ्या दुकानासमोर करवंदे विकायला बसत. एकदा त्यांनी विचारले, "ताई, तार चालू हाय का न्हाई, आमाला कसं कळायचं?" मी सांगितले की, ओले गवत तारेला टेकलेले असते, तिथे टक टक ऐकू येते. आवाज नसेल तर तार बंद. झटका मशीनपुरते ते खरे होते. थेट विजेचा असा टक टक आवाज येत नाही, हे मी सांगितले नाही. तसे कोणी करील, असे मनात आले नाही.

रोहिणीच्या जबाबानुसार सखूबाई तारेपाशी थांबल्या, वाकून ऐकले, आणि "बंद हाय, ये," म्हणून वरची तार उचलायला हात घातला. हे वाक्य अहवालात नाही. त्यांचे हृदय अशक्त होते की नव्हते, मला माहीत नाही. त्या बेसावध नव्हत्या, एवढे मात्र लिहिले जावे. ती पद्धत त्यांना मी शिकवली, हेही लिहावे.

५. सखूबाईंच्या वाडीतील माणसे आजही तारेपाशी थांबून ऐकतात. मागच्या आठवड्यात मी जाऊन सांगितले की, आवाज नसला तरी हात लावू नका. रोहिणी म्हणाली, "मग आता कसं वळखायचं?" कुंपण अजून तसेच आहे आणि ओढ्याची वाट त्यातूनच जाते. म्हणून तपासणी लवकर व्हावी.

आपण बोलवाल त्या दिवशी यंत्रासह हजर राहीन.

आपली नम्र,
मुनीरा अनिस मुलाणी
पौड, दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) दुरुस्ती वहीच्या पानाची प्रत, गोरख यांच्या सहीसह.
२) उघड्या यंत्राचा १६ ऑगस्टचा फोटो.
३) जळालेला कपॅसिटर.
यंत्र जोडलेले नाही. ते दुरुस्त होऊन माझ्या फळीवर आहे. न्यायला अजून कोणी आलेले नाही.