चार घड्यांचं पान

प्रिय चिंगी,

तू पाठवलेलं स्कॅनिंगचं मशीन, वायर, पेन ड्राइव्ह आणि तुझी चिठ्ठी, सगळं धड मिळालं. खर्च म्हणशील तर चार जिने चढून आलेल्या पोस्टमनला पाजलेला एक कप चहा. पोच द्यायला महिना लावला, त्याचं कारण पुढे येईलच.

मशीन गुणी आहे. झाकण उघडायचं, कागद काचेवर पालथा घालायचा, बटण दाबायचं. गळ्याच्या ऑपरेशननंतर तुझे बाबा आठ महिने वहीतूनच बोलले, ते सगळं बोलणं एकेक पान करून आत घातलं. सुरुवातीची पानं बॉलपेनची, ठसठशीत. 'चहा थंड.' 'डॉक्टरला अक्कल नाही.' 'देवाशी तासभर बोलतेस, मग मलाच का दोन शब्द?' वाचताना हसू आलं, मग डोळे पुसत बसले.

तू बजावलं होतंस, 'रंगीत ठेव, फाइल दाबून लहान करू नकोस.' पण पहिल्याच रंगीत पानाने एवढी जागा खाल्ली की माझा जीव वरखाली झाला. संपत आलेला साबण नव्या वडीला चिकटवणारी बाई मी. म्हटलं, साध्या लिखाणाला रंग कशाला? काळं-पांढरं निवडलं आणि फाइल दाबता येईल तेवढी दाबली. आठ महिने एका कोपऱ्यात मावले. कोण कौतुक वाटलं स्वतःचं! एकच वस्तू दोनदा कशाला सांभाळायची, म्हणून वह्या रद्दीत दिल्या.

शेवटचा दीड महिना ते उताणेच असायचे. टोक वर करून धरलं की बॉलपेन उमटत नाही, म्हणून मी पेन्सिल दिली होती. हातात जोर नव्हता, अक्षर अगदी पुसट. काळ्या-पांढऱ्यात मशीन प्रत्येक ठिपक्याला काळा तरी ठरवतं, नाहीतर पांढरा. त्याने ती पेन्सिल पांढऱ्यात काढली. दीड महिना कोरा. दुरुस्तीवाला म्हणाला, काकू, आत काही असतं तर खणून काढलं असतं, पण मशीनने ते घेतलंच नाही. रद्दीवाल्याकडे धावले. माल त्याच दिवशी कारखान्यात गेला, लगदा झाला.

त्यातच तुझं पान होतं. ते पोस्टात हरवेल या भीतीने तू मशीन पाठवलंस, आणि मी ते काचेवरून काढून परत वहीत घातलं, वहीसकट दिलं. जाण्याच्या आदल्या दिवशी तासभर खपून त्यांनी ते लिहिलं, चार घड्या घातल्या आणि तुझ्या फोटोकडे बोट दाखवलं. तू घर सोडल्यापासून सात वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्याचं पत्र वाचू नये म्हणून मी वाचलं नाही. काचेवरही पालथंच गेलं. आता स्क्रीनवर घड्यांची फुली तेवढी दिसते. तू फोनवर म्हणालीस, बाबांनी बोलावलं असेल तरच त्या घरात पाऊल टाकीन. 'ये' असं लिहिलं होतं, हे कळवणं सोपं होतं. पण देवापुढे बसून लिहिते आहे, आणि मला खरंच माहीत नाही. देवही सांगत नाही. त्यांचं बोलावणं असलंच, तर ते मी घालवलं. माझं आहे, ते तुला पुरायचं नाही, हेही जाणते. तरी, येणार नसशील तर तेवढं उलट टपाली कळव. एक ओळ पुरे. फक्त पेन्सिलने लिहू नकोस.

तुझीच,
आई