ठरलेल्या गोष्टींचं क्रियापद

४ मार्च
पीएच.डी. बायको करतेय, शिक्षा मला! आज घरात नवं इंग्रजी क्रियापद आलं — प्रॉब्लेमटाइज. अर्थ सरळ आहे. जिथे प्रॉब्लेम नाही तिथे तो काढणे. बायकोला ऐकवलं. हसलीसुद्धा नाही.

६ मार्च
म्हटलं, आपणही वापरू. "आज मी भाजीतलं मीठ प्रॉब्लेमटाइज करतो."
बाईसाहेबांनी चमचा खाली ठेवला. "मीठ कमी आहे, ही तक्रार. भाजी रोज मीच का करायची, हे प्रॉब्लेमटाइज."
विद्वत्तेपुढे शहाणपण चालत नाही. मीठ वरून घेऊन जेवलो. आई गालातल्या गालात हसत होती — कुणाच्या बाजूने, देव जाणे.

९ मार्च
दादाचा फोन. आईच्या घराला गिऱ्हाईक मिळालं! रविवारी सह्या. आई सहा महिने त्याच्याकडे, सहा महिने आमच्याकडे — बाबा गेले तेव्हाच ठरलंय. कपाट दादाला, आईचं शिलाई मशीन भंगारात. चला, एक भिजत घोंगडं वाळलं.

१२ मार्च
टॉवेलच्या घड्या घालता घालता आईने विचारलं, "काय रे, तो तुमचा शब्द म्हणजे काय?"
बायको कॉलेजात. मग काय, आपणच प्रोफेसर! "सगळे जे ठरलेलं धरून चालतात ना, त्याबद्दल विचारायचं — हे ठरवलं कुणी? कुणाच्या सोयीने?"
"एवढंच? त्याला इंग्रजी कशाला लागतं?"

१५ मार्च, रविवार
दादा, वहिनी, वकील, गिऱ्हाईक — सगळे हजर. दादाने पेन पुढे केलं. आईने टोपण लावून परत दिलं.
"मी कुठे राहायचं, हे ठरवलं कुणी?"
"अगं, आपण सगळ्यांनी."
"त्यात मी कुठे होते?"
दादाने माझ्या बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. ती बिचारी या खेपेला खरंच निर्दोष! शिकवणी माझी होती. आठवून पाहिलं — आईला कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. लाज वाटली.
गिऱ्हाईक चहा न घेताच गेलं.

१६ मार्च
आईने बॅग भरली.
"तिकडे एकटी राहणार?"
"शेजारीण आहे. मशीन आहे." मग बॅग माझ्या पायाशी सरकवली. "ही उचलणार कोण, ते मात्र ठरलेलं आहे. त्यावर प्रश्न नको."
उचलली.