बाहेरून लावायचं तेल

प्रिय अण्णा,

जय भीम.

तुम्हाला जाऊन काल वर्ष झालं. पत्र कालच लिहायचं मनात होतं, पण घर माणसांनी भरलेलं होतं. आज लिहिते आहे ते वेगळ्याच कारणानं. तुमचा लाल्या माझ्या शेजारी पोत्यावर पडला आहे आणि दिवस मावळेपर्यंत त्याला अंग चाटू द्यायचं नाही, असं गुरांच्या डॉक्टरांनी बजावलंय. जागचं हलता येत नाही. एक डोळा त्याच्यावर आणि एक कागदावर ठेवून बसले आहे. हाताला काही काम नसलं तर रडू येईल, आणि आई म्हणते कुत्र्याजवळ रडू नकोस, ते घाबरतं.

म्हणून तुम्हालाच विचारते. "त्याला नको" एवढंच का म्हणत राहिलात तुम्ही? का नको, ते एकदा तरी का सांगितलं नाहीत?

थांबा, नीट सांगते. आजाऱ्याची हकीकत मधूनच सुरू करायची नाही, हे तुमचंच शिकवणं.

यंदाही पाऊस नाही. विहिरीत उतरलं तर चिखल लागतो. टँकर येतो त्या दिवशी वस्तीला पाणी, नाही त्या दिवशी नाही. तुमच्या पुण्यानुमोदनाला वस्तीला जेवण कुठून घालणार? बापूकाकाच म्हणाले, "भावाच्या नावानं लोकांना दुष्काळाची सुकडी चारायची का? ती तर सरकार चारतंयच. त्यापरीस त्याचं दुखन्यावरचं तेल वाटू. वरीस झालं, लोक तेलाचं नाव काढत्यात."

मला ते फार आवडलं. तुमच्या धाकट्या भावाला इतकं छान सुचेल असं वाटलं नव्हतं, खरं सांगते.

तेल मीच केलं. कापूर, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल तुमच्याच काचेच्या बरणीत घातलं आणि झाकण लावून वाट बघत बसले. तिन्ही कोरडे खडे, आणि बघता बघता बरणीच्या तळाशी पाणी सुटल्यासारखं तेल! लहानपणी मला ही जादू वाटायची. तुम्ही म्हणायचात, जादू नाही, नीट बघ. मग वरून निलगिरीचं तेल, तुमच्याच मापानं. सगळ्या घरात तुम्ही आल्यासारखा वास झाला. आई चुलीपाशी उगीच बराच वेळ पाठ करून बसली.

चिठ्ठ्याही मीच लिहिल्या. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं ओळखली ती तुमच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरूनच ना? तुम्ही दवाखान्यातले कंपाउंडर. घरात पाटी नव्हती, पण रिकाम्या बाटल्या होत्या. "फक्त बाहेरून लावण्यासाठी." मी वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य ते. तेच मी प्रत्येक बाटलीवर लिहिलं, शाई फुटणार नाही अशा बेतानं, आणि काल वस्तीतल्या घराघरात बाटली गेली.

एक बाटली उरली.

काल संध्याकाळी बापूकाका ती हातात घेऊन म्हणाले, "ही लाल्याला. गोचिडांनी पार पोखरलंय त्याला. चारा छावणीतल्या गुरांत हिंडतंय न्हवं."

मी म्हणाले, "काका, कुत्र्याला नको. अण्णा नको म्हणायचे."

"का?"

अण्णा, त्या "का"ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. काका हसले. "भाऊ लई मापाचा मानूस. कुत्र्यावर तेल खर्चायचं त्याच्या जिवावर येत आसंल." मी बाटली त्यांच्या हातातून घेऊन कोनाड्यात वर ठेवली आणि विषय संपला असं धरून चालले.

आज सकाळी मी दूध सोसायटीत गेले. तुम्ही गेल्यावर तिथं दुधाचा हिशेब लिहायला लागले, ते तुम्हाला कुठं ठाऊक आहे? दूध आता फार येत नाही. दुधापेक्षा गप्पाच जास्त. आज गुरांचे डॉक्टरही कळंबहून आले होते, म्हणून थोडी गर्दी होती. मला घरी यायला उशीर झाला.

दारातच वास आला. तुमचा वास. क्षणभर बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग लाल्या दिसला. भिंतीला अंग घासत होता. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत. मला बघून उठला, तर मागचे पाय दारू प्यायल्यासारखे वेगळ्याच बाजूला गेले. पाठीवरचे केस ओले, चिकटलेले. बसला आणि परत पंजा चाटायला लागला. सगळं अंग थरथरत होतं, आणि तरीही चाटत होता.

काका ओट्यावर बसले होते. रिकामी बाटली शेजारी. म्हणाले, "मगाधरनं आसंच करतंय. गोचीड मरत्यात, त्याची आग हुत आसंल."

"सगळी बाटली लावलीत?"

"मानेपासनं शेपटीपातुर. बाहेरूनच लावलं की गं. पाजलं का म्या? तूच लिव्हलंयस चिठ्ठीवर."

मीच लिहिलं होतं.

काका पुढं म्हणाले ते मला विसरता येत नाही. एरवी एक गोचीड काढायला गेलं तरी लाल्या दात दाखवतो. आज बाटलीचं बूच काढल्याबरोबर शेपूट हलवत आला आणि अंगभर तेल चोळून होईपर्यंत शांत उभा राहिला. काका म्हणाले, "मला वाटलं, त्याला भाऊच आल्यागत वाटतंय."

तुमच्या वासानं तो फसला, अण्णा.

काकांनी त्याला गोणपाटात घेऊन खांद्यावर टाकलं आणि आम्ही सोसायटीकडं पळत सुटलो. डॉक्टर एका गाईपाशी वाकले होते. आम्हाला बघायच्या आधी त्यांना वास आला.

"निलगिरी? कापूरपण आहे का यात? पातळ करून लावलं का तसंच?"

"तसंच," काका म्हणाले. "बाहेरून, साहेब."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी लाल्याचे डोळे बघितले, छातीला कान लावला आणि एक सुई दिली. मग म्हणाले, "ही वासाची तेलं थेंबांनी वापरायची. माणसाला सोसतं ते कुत्र्याला सोसत नाही. कातडीतून आत जातं, आणि उरलेलं ते जिभेनं पुसून पोटात घेतं. कुत्र्याला बाहेरून लावायचं असं काही नसतंच. जे अंगावर, ते पोटात."

एवढंसं वाक्य. ते तुमच्या तोंडून आलं असतं, तर काल काकांच्या "का"ला मी गप्प राहिले असते का?

"आता काय करू?"

"आत्ताच्या आत्ता घरी जाऊन धुऊन काढ. साबण, पाणी, परत साबण. वास जाईपर्यंत. वरून दुसरं तेल चोळायचं नाही, तूप-दूध पाजायचं नाही, ओकारी काढायला बघायचं नाही. मग कोरडं करून उबेत ठेव आणि दिवस मावळेपर्यंत चाटू देऊ नको. झटके आले तर लगेच मला कळव, मी संध्याकाळपर्यंत इथं आहे."

"वाचेल ना?"

"आधी धू. मग बघू."

वास जाईपर्यंत पाणी, अण्णा! घरात एक भरलेली घागर होती आणि रांजणात तळाला थोडं. टँकर उद्या.

आई रांजणापुढं उभी राहिली. आडवी नाही, पण बाजूलाही होईना. शेवंताकाकू शेजारच्या दारातून ओरडत होत्या, "गोडंतेल चोळा, म्हंजी उतरंल. त्याला पानी कशाला?" मी नको नको म्हणत होते. लाल्या अंगणात आडवा झाला होता.

आई म्हणाली, "सुमे, उद्यापातुर हेच हाय. तुझा काका उन्हातनं आलाय, त्याला प्यायला काय देऊ? मला काय कळत न्हाय व्हय? मलापन कळतंय. पन पानी कुठनं आनू?"

तिचं खरंच होतं. पाणी डोक्यावरून तीच आणते. मी लाल्याला हातानं कुरवाळायला वाकले, तर ती एकदम म्हणाली, "हात! तुझ्या हाताला लागलंय ते तेल. आधी हात..."

आणि तिथंच थांबली.

तुम्हाला आठवतं? दवाखान्यातून आलात की लोक तेलाला यायचे. कुणाच्या कपाळाला, कुणाच्या गुडघ्याला तुम्ही चोळून द्यायचात. लाल्या उंबऱ्यावर वाट बघत असायचा, पण तुम्ही त्याच्याकडं बघायचासुद्धा नाहीत. आधी राखेनं हात धुवायचात, कोपरापर्यंत, मग त्याला जवळ घ्यायचात. आई चिडवायची, "सारं जग कुत्र्याला शिवून हात धुतंय, आन् ह्यांचं उलटंच. कुत्रं बाटंल म्हनून धुता व्हय?" आणि तुम्ही हसून म्हणायचात, "त्याला नको." आम्हीही हसायचो. मला तो तुमचा आणि आईचा खेळ वाटायचा.

आईलाही तेच आठवलं असणार. "ह्याच्यासाठी धुवायचे गं ते," ती म्हणाली. "आन् मी त्यांना हसायची."

मग तिनं घागर उचलली ती स्वतःच. काकांना म्हणाली, "भावजी, धरा त्याला. तुम्हाला आज पानी न्हाय." काका लाल्याला धरून बसले, मी साबण लावत गेले, आई ओतत गेली. अशी ओतत होती की थेंब वाया जायला नको, म्हणून खाली घमेलं ठेवलेलं. पण ते पाणी परत वापरता येणार नव्हतं, त्यात तेलच तरंगत होतं. पहिल्या धुण्याला वास गेला नाही. दुसऱ्यालाही नाही. घागर संपली. आईनं रांजण तिरका केला.

तेवढ्यात शेवंताकाकू कळशी घेऊन आल्या. "घ्या. उद्या टँकर आला की भरून द्यायची, आत्ताच सांगते. आमची पोरं चार दिस न्हाली न्हाईत आन् इथं कुत्र्याची आंघोळ चाललीय." कळशी ठेवली आणि गेल्या नाहीत. लाल्याच्या कानामागं नाक नेऊन म्हणाल्या, "हितं हाय अजून वास. हितं चोळ."

आणि मग त्यांचा चेहरा बदलला. "आगं सुमे, आमच्या पिलालापन गोचीड हायत. मालक म्हनत हुते, आज लावू म्हनून."

अण्णा, एकट्या लाल्याचा प्रश्नच नव्हता. बाटली घराघरात होती, आणि गोचीड वस्तीतल्या प्रत्येक कुत्र्याला आहेत. प्रत्येक बाटलीवर माझं अक्षर होतं. फक्त बाहेरून लावण्यासाठी.

शेवंताकाकू पळत घरी गेल्या. मला लाल्याला सोडता येईना. बापूकाका उठले, ओल्या कपड्यानिशी, आणि म्हणाले, "मी जातो. वाटायची हौस माझी हुती." अजून फिरतायत. मघाशी कुणाचा तरी आवाज ऐकू आला, "बापू, काल लावा म्हनलास, आज नगं म्हनतुस. उद्या बाटली परत मागशील का?" काका म्हणाले, "मानसानं लावावं. जनावराला नगं. त्ये चाटतंय, पोटात जातंय. तुला कळत न्हाय तर भावाच्या पोरीला इचार." लोक हसले. काका पुढच्या दारी गेले. शेवंताकाकूंचं पिलू बरं आहे, बूच काढलंच नव्हतं.

तुमच्यावर रागावू का, अण्णा? कापूर किती, निलगिरी किती, सगळी मापं मला घोकून घेतलीत आणि ही एवढी गोष्ट हसण्यावारी नेलीत. तुम्हाला वाटलं असेल, मी आहेच, धुतोच आहे हात. तुम्ही असाल तोवर पुरे होतं ते. की तुम्हालाही पूर्ण ठाऊक नव्हतं, नुसता संशय होता, आणि संशय होता म्हणून तुम्ही जपत होतात? तसं असेल तर तेही सांगायचं होतं. मला तेवढंही पुरलं असतं.

ऊन ओट्यावरून खाली उतरलं. लाळ थांबली आहे. थरथर येते, पण मध्ये मध्ये थांबून. झटका आलेला नाही. मघाशी आईनं तिच्या वाटणीचा तांब्या ताटलीत ओतला. लाल्यानं मान उचलली, बराच वेळ नुसता वास घेतला आणि मग प्यायला. आपल्या आपण. आई म्हणाली, "पी बाबा. तुझ्या मालकानं लई जपलं तुला." आणि आत गेली.

तुम्हाला शब्द देते, अण्णा. उद्या मी प्रत्येक दारी जाऊन जुनी चिठ्ठी काढीन आणि नवी लावीन: फक्त माणसासाठी, कुत्र्यामांजराला लावू नये. ज्याला वाचता येत नाही त्याला तोंडानं सांगीन. आणि कुणी "का" विचारलं तर "अण्णा नको म्हणायचे" एवढ्यावर कधीच थांबणार नाही. ठाऊक असेल ते पुरतं सांगीन. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही, हेही सांगीन.

लाल्यानं आत्ता शेपूट एकदा जमिनीवर आपटली. माझ्याकडं बघतोय. त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटतोय, पण रिकामी बाटली, ओलं गोणपाट, घमेल्यातलं पाणी, सगळ्याला हात लागलेत. चुलीत राख आहे. आईला लाल्याजवळ बसवते आणि आधी हात धुऊन येते.

तुमची,
सुमन