एक वस्तू, एक कप्पा

ती. ताईस,

कोपरापासून नमस्कार. (साष्टांग तूर्तास बंद आहे, गुडघे नाही म्हणतात.) तुझी तब्येत कशी आहे? भावजींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तर आमच्या गोदामात हेड स्टोअरकीपरची जागा रिकामी झाली. खुर्ची, टेबल, डोक्यावर पंखा आणि मुख्य म्हणजे शिडी चढणं कायमचं बंद. अट एकच, खात्याची इंग्रजीची परीक्षा. लहानपणी तू इंग्रजीचं पुस्तक उघडलंस की मागच्या दाराने पसार होणारा तुझा हा भाऊ चोपन्नाव्या वर्षी शिकवणीला जाऊन बसला. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. मी उत्तर द्यायला उभा राहिलो की त्याच ओशाळायच्या.

अभ्यास मी माझ्या पद्धतीने केला. प्रत्येक शब्दाचं कार्ड केलं. नामं डाव्या कप्प्यात, क्रियापदं उजव्या. दोन आठवडे कप्पे असे लागले होते की बघत राहावं. मग 'हॅमर' आला. मी तो डावीकडे ठेवला, तर बाई म्हणाल्या, तो उजवीकडेही जातो. ताई, एकच वस्तू दोन कप्प्यांत सापडली तर आमच्याकडे चौकशी लागते! पुढे बघतो तर ऑईल, पेंट, लॉक, टेप, सगळ्यांचं तेच. सव्वीस वर्षं ज्यांना मी रोज हाताने उचलून दिलं, ते माझ्या पाठीमागे जोडधंदा करत होते आणि मला पत्ता नाही. (बाई म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका. मी घेतलं.)

परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. पाच शब्द, प्रत्येकाची दोन वाक्यं, एकदा नाम म्हणून, एकदा क्रियापद म्हणून. पहिली वाक्यं झकास जमली. दुसऱ्या वाक्यापाशी डोकं रिकामं झालं आणि हात सवयीने चालू लागला. पाचही ठिकाणी मी शुद्ध इंग्रजीत लिहिलं, 'ही वस्तू वर दिलेली आहे, शिल्लक नाही', आणि खाली सही ठोकली. तपासणाऱ्या साहेबांनी शेरा मारला की सही चांगली आहे. एवढंच चांगलं होतं. मी नापास झालो. घरी सांगितलंय की निकाल लांबलाय.

हिचा तुला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. पंधरा दिवस येऊन शिकवशील का? या वेळी पळून जाणार नाही (पळवतही नाही). हिला मात्र सांग की डोळे तपासायला आलेय.

ता. क. २. वन्सं, हे अक्षर माझं. पाकीट चिकटवायच्या आधी उघडलं, माफ करा. घरातून जाणारं प्रत्येक पत्र हे जावक वहीत नोंदवतात. विषयाच्या रकान्यात सुवाच्य लिहिलंय, 'नापास झाल्याबद्दल (घरी कळू देऊ नये)'. वही फ्रीजवर असते. गेल्या सोमवारी हे शिडीवरून पडले, ते मात्र त्यांनी कुठेच नोंदवलं नाही. मंगळवारी परत चढले. मला धास्ती वाटते हो. लवकर या. तुम्ही डोळे तपासायलाच आलाय, असं मी धरून चालेन.