पडवीतले गणपती

दादा,

मी पेणला कोर्टात चाललेय, आज तारीख हाय. तुझा भात झाकून ठेवलाय.

काल मी शेतावर भाताच्या लावणीला गेले, तेवढ्यात जनूचा टेम्पो आला आणि तू त्याचे गणपती आपल्या पडवीत उतरवून घेतलेस. वर मलाच सांगतोस, "डोळे तेवढे आखून दे गो, मग काय भांडायचं ते भांडा." कोर्टात तो सोडचिठ्ठी द्यायला नाय म्हणतो, बायकोला नांदवतो म्हणतो. त्याला बायको नकोय. चतुर्थी जवळ आली आणि कारखान्यात डोळे आखणारं कुणी नाय, म्हणून मी हवीय. मारतानासुद्धा माझा उजवा हात तेवढा जपायचा तो!

या मूर्ती मी रंगवून दिल्या, की त्याचा वकील जज्जसायबांना सांगणार, बघा, नवराबायकोचं बरं चाललंय. तुला हे कळत नाय? तू आधी त्याचा मेव्हणा, की आधी माझा भाऊ?

संध्याकाळी मी येईन तेव्हा पडवी रिकामी दिसली पाहिजे. एकाच गणपतीचे डोळे आखलेत मी, तो परत द्यायचा नाय. तुझ्या पाटासमोर ठेवलाय. त्याच्याकडे बघत जेव.

हौसा