घारीचं तोंड आणि मामांचा होका

खांदा कॉलनी, नवीन पनवेल

आदरणीय दिनानाथ मामा,

इथूनच हर्णैच्या दिशेनं वाकून तुम्हाला आणि मामीला नमस्कार. मामीचा गुडघा कसा आहे? बोटीच्या इंजिनाचा धूर थांबला का? मी बरा आहे, नाक सोडून (ते पुढं येईल). पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही "बोल" म्हणता आणि मी तोंड उघडायच्या आत "समजलं" म्हणून ठेवून देता. पत्र विनिता वाचून दाखवेल, आणि तिला मधेच थांबवता येत नाही हे तुम्ही बाप म्हणून जाणताच.

गेल्या वेळी म्हणालात, "शिमग्यापर्यंत तुझं विमानाचं खूळ नाय सुटलं, तर येऊन कान धरून नेतो. बोटीवर माणूस कमी हाय." मामा, खूळ सुटायचं नाही. का ते ऐका.

माझे मालक भावेश लग्नाचं शूटिंग करतात. त्यांच्याकडं रिमोटवर उडणारं विमान आहे, पंख दोन हात लांब. इथल्या तुळशीराम शेटना नातीची, मनस्वीची हळद त्या विमानातूनच शूट करून हवी. ड्रोन चालत नाही. म्हणतात, "डरोन समद्यांचेच हळदीला असतं. आमची जमीन घेऊन रोज इमानं उडवतान, आता येक आमचे मर्जीनं उडू दे." (विमानतळाजवळ असलं काही उडवायला बंदी, म्हणून हळदच खोपोलीपलीकडं फार्महाउसवर नेली आहे. याला म्हणतात हौस.) विमान उडतं झकास, पण त्याला बांधलेला कॅमेरा इतका थरथरतो की पहिलं शूटिंग बघून भावेशना मळमळायला लागलं. म्हणाले, "मिथुन, हा कॅमेरा स्थिर कर, नायतर तू हर्णैला आणि मी शेटच्या पायाशी."

शाळेत मी टिकलो नाही, पण तुमच्या बोटीवर वाढलो. बोट कितीही डोलू दे, तुमचा दिशा दाखवणारा होका दोन पितळी कड्यांत कसा सपाटच्या सपाट राहतो. मी तसंच केलं. बाहेरची कडी पिठाच्या चाळणीची, आतली डब्याच्या झाकणाची, मधे कॅमेरा, खाली जाळ्याचं शिसं. पहिल्याच वळणावर कॅमेरा देवळातल्या घंटेसारखा झुलायला लागला. कड्यांच्या सांध्यांत घट्ट तेल घातलं की झोका मरतो, म्हणून बाजारातली तेलं घालून बघितली, सगळी पातळ. शेवटी माझ्या पेटीतली माशाच्या तेलाची बाटली काढली, आपण बोटीच्या फळ्यांना लावतो तेच (इथं कशाला आणली विचारू नका, घरचा वास येतो).

झोका मेला. विमान वर गेलं आणि त्याच्यामागं घारी. आधी एक, मग सगळ्या माळावरच्या. आपल्या बंदरावरच्या घारींना तरी रोज मासळी दिसते, इथल्या जन्माच्या उपाशी. एकीनं कॅमेऱ्यावर झडप घातली, विमान गरगरत आलं, माझं नाक सोलून म्हशींच्या डबक्यात पडलं. भावेशनी बूट काढले आणि डबक्यात उतरले.

संध्याकाळी शूटिंग लावलं. मामा, त्यात घारीचं तोंड आहे. चोच, डोळा, जीभसुद्धा. विमानाचे पंख कोलांट्या खातायत आणि घार मात्र स्टुडिओत फोटोला बसल्यासारखी जागच्या जागी. भावेश तेवढाच तुकडा परत परत बघत होते.

म्हणजे डोकं बरोबर चाललंय. कड्या वाकल्या आणि वास नडला, एवढंच. वासाचं मी बघतो. हळद शूट केल्याशिवाय गाव बघणार नाही, आणि मला कुणाची मदतही नको.

तुमचाच भाचा,
मिथुन

ता. क. जीपीएस घेतल्यापासून होका माळ्यावर गोणपाटात पडून आहे ना? त्याच्या कड्या काय गोल आहेत, मला रोज आठवतात.

ता. क. विनिता, हे मनात वाच. बाबा चिडले असतील तर त्यांना शांत करू नकोस.

ता. क. मामा, कान धरून नेणार म्हणालात ना? मग शिमग्याची वाट बघू नका, हळदीच्या आधीच या. कान धरायला एकच हात लागतो. दुसऱ्या हातात होका आणा.