माझ्या नावाचा तो भामटा

प्रिय कासिल्डा,

ब्वेनोस आयरेसला मी खुशाल आहे. मेसेजवर आता तुझा विश्वास बसायचा नाही, म्हणून हातानं लिहितोय, अक्षर ओळखशील.

नव्या नंबरवरून माझं नाव सांगून पैसे मागणाऱ्या भामट्याला तू दमडी दिली नाहीस, आपल्या कोचाबांबाच्या पोलिसांत तक्रारही केलीस, हे झकास! पण त्याआधी आठवडाभर त्याच्याशी मेसेजवर गप्पा? मी फोन केला की लगेच तुझं सूप उतू जातं!

बहिणीला म्हणालीस म्हणे, "पहिल्याच दिवशी माझा गुडघा दुखतोय म्हटलं, तर त्यानं चौकशी केली, तेव्हाच ओळखलं, हा माझा नवरा नव्हे."

मग ओळखल्यावरही बोलत का राहिलीस?

पोरं कशी आहेत? आणि गुडघा? त्या भामट्याला सांगितलंस ते सगळं मलाही सांग.

तुझा खराखुरा,
फाउस्तो